मॉनिटरची हजेरी

आमचा मॉनिटर भेटला की नमस्कार करत नसे, हजेरी घेत असे. लग्नाचा मांडव असो नाहीतर मयताची गर्दी, आल्या आल्या तो एका कोपऱ्यात उभा राहून आमची नावं पुकारायचा आणि पन्नाशीला टेकलेले आम्ही बाप्ये निमूटपणे ‘ओ’ द्यायचो. नाही दिली तर तो चारचौघांत पुन्हा पुकारायचा, त्यापेक्षा देऊन टाकलेली बरी. सातवीत त्याला वर्गाचा मॉनिटर केला होता. शाळा सुटली, हे पद काही सुटलं नाही.

त्याचं नाव दिलीप. अंबडच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. वस्तू जागेवर आहे म्हणून कुणी सांगितलं तर त्याला पटत नसे, जाऊन हात लावून यायचा. माणसांच्या बाबतीतही त्याचं तेच. शाळेतले आम्ही आठ-नऊ मित्र दर थंडीत कुठेतरी तंबू ठोकायला जायचो, तेव्हा चहाला थांबलो तरी हजेरी, पुन्हा गाडीत बसलो तरी हजेरी. सायखेड्याचा आमचा बापू, द्राक्षबागेतून वेळ काढून येणारा, वैतागून म्हणायचा, “ह्यो सासरवाडीला गेला तरी मेव्हण्यांची हजेरी घेत आसंल.” मॉनिटर शांतपणे म्हणायचा, “घेतो. दोघं नेहमी गैरहजर असतात.”

एकदा पेठकडच्या एका डोंगरावरून उतरताना आमच्यातला मिलिंद मागे राहिला होता. बापूने गंमत म्हणून त्याच्या नावाला स्वतःच ओ दिली. आम्ही हसलो. मॉनिटरने आवाज बरोबर ओळखला, वर जाऊन मिलिंदला घेऊन आला आणि जेवण होईपर्यंत कुणाशी बोलला नाही. शेवटी ताट धुताना म्हणाला, “वर्गात प्रॉक्सी चालते. डोंगरावर आणि पाण्यावर नाही. ज्याची ओ त्यानेच द्यायची.” त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही.

दुसरी सवय म्हणजे सगळ्यांच्या मागे राहायची. “शेवटचा माणूस मी,” हे तो निघतानाच सांगून टाकायचा. त्यामुळे आम्हाला त्याची वाट बघायची कधी सवयच लागली नाही. आणि त्याच्या हजेरीत त्याचं स्वतःचं नाव नसे. पुकारणाराच तो, त्याला कोण पुकारणार? हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही घोटीच्या पुढे एका धरणाच्या काठावर मुक्कामाला गेलो. तंबूवाल्याकडे कयाक होत्या, एकेका माणसाच्या, लांबुळक्या प्लॅस्टिकच्या. पाण्याच्या मध्यावर एक झाडी असलेली टेकडी बेटासारखी वर आली होती, तिला वळसा घालून यायचं ठरलं. मिलिंदला पोहता येत नव्हतं. मॉनिटरने त्याच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले आणि सांगितलं, “मी हाक मारली की ओ द्यायची. बाकी काही करू नको.”

जाताना पाणी गुळगुळीत होतं. टेकडी ओलांडली आणि वारा सुटला. बघता बघता पाणी उसळायला लागलं, वल्हं मारावं तर कयाक पुढे जायच्याऐवजी बाजूलाच जायची. थट्टा बंद झाली. जो तो खाली मान घालून काठ गाठायच्या मागे लागला. मागून मॉनिटर एकेकाचं नाव पुकारत होता आणि आम्ही धापा टाकत ओ देत होतो. काठाच्या जवळ आलो तेव्हा त्याने मिलिंदचं नाव घेतलं. ओ आली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मग वाऱ्यावरून एवढंच ऐकू आलं, “मिलिंद राहिलाय, बघून येतो,” आणि त्याने कयाक वळवली.

आम्ही काठावर उभे राहून पाण्याकडे बघत होतो. सूर्य डोंगराआड गेला होता, पाण्यावर धुकं पसरायला लागलं होतं. तंबूवाला त्याची मोटरबोट पाण्यात ढकलत होता. मिलिंदच्या बायकोला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. आणि तेवढ्यात मागून, भाताच्या कापलेल्या शेतातून, खांद्यावर वल्हं घेऊन मिलिंद चालत आला. वाऱ्याने त्याला पार बाजूच्या एका वळणाआड काठाला नेऊन घातलं होतं, तिथेच कयाक सोडून तो काठाकाठाने आला होता.

मग काय, मिठ्या काय, शिव्या काय. बापूने त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. तंबूवाल्याने विचारलं, “समदे आले ना?” बापूने मॉनिटरच्या थाटात छाती काढून एकेक नाव पुकारलं, आम्ही मोठ्या हौसेने ओ दिली. हजेरी पूर्ण भरली. तंबूवाल्याने मोटरबोट वर ओढून साखळीला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकून तो गावात दूध आणायला गेला.

मिलिंदने चहाचा कप हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “मॉनिटर कुठंय?”

मिलिंद सापडल्याशिवाय तो माणूस परतणार नव्हता, आणि मिलिंद आमच्यात चहा पीत उभा होता. एक जण तंबूवाल्याला गाठायला गाडी घेऊन पळाला. बापू गुडघाभर पाण्यात शिरून ओरडायला लागला, “दिल्या! आरं मिलिंद हितं हाये!” आम्हीही ओरडलो, सगळे एकदम. त्या गलक्यात आमचं आम्हालाच काही कळत नव्हतं, तर त्याला काय कळणार?

मिलिंद एकदम म्हणाला, “गप बसा सगळे. तो मला हाका मारत असेल. त्याला माझीच ओ पाहिजे.”

मिलिंदने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पाण्याकडे ओ दिली. थांबला. पुन्हा दिली. त्याचा आवाज बसत चालला तरी तो थांबेना. टेकडी आता दिसेनाशी झाली होती. आयुष्यात देव कधी न मानलेला मी तेव्हा मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आणि मग कुठूनतरी, फार लांबून आल्यासारखं ऐकू आलं, “मिलिंद?”

“ओ!” मिलिंद ओरडला आणि रडायला लागला.

मॉनिटर काठाला लागला तेव्हा त्याची बोटं वल्ह्यावरून सुटत नव्हती, बापूने एकेक करून सोडवली. त्याने मिलिंदच्या खांद्याला हात लावून बघितला आणि म्हणाला, “एवढ्या उशिरा ओ देतात का रे?”

सकाळी गाडीत सामान भरताना मात्र तो माझ्या शेजारी आला. “पुढच्या वेळेपासून नावं तू घे. आणि माझं पहिलं घे. विसरू नको, लेका.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पुढच्या थंडीत मी ते केलं. त्याने इतक्या मोठ्याने ओ दिली की झाडावरचे बगळे उडाले.

गेल्या उन्हाळ्यात कामावर निघताना, बूट घालता घालता मॉनिटर जागीच गेला. आम्ही सगळे त्याच्या घरी पोचलो. त्या दारात पहिल्यांदाच आमची नावं कुणी घेतली नाहीत.

या थंडीत आम्ही त्याच काठावर गेलो. जॅकेटं चढवून सगळे उभे राहिले आणि मी सवयीने पहिलं नाव घेतलं, “दिलीप.” तोंडातून गेल्यावर कळलं. मग मिलिंदने पाण्याकडे बघत, हळू आवाजात ओ दिली.

पाण्यावर प्रॉक्सी चालत नाही हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. बापूही काही बोलला नाही. मी पुढचं नाव घेतलं. ते मिलिंदचंच होतं, आणि त्याने पुन्हा ओ दिली.