मामाला खोटं पाडायची पदवी

चाळिशी उलटल्यावर ताईने पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा नातेवाइकांना वाटलं, बढती हवी असेल. ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसते. माहिती साक्षरतेत, म्हणजे कुठली माहिती खरी नि कुठली खोटी हे पारखायच्या विषयात, एम.ए. केलं की बरी खुर्ची मिळेल, असा सगळ्यांचा अंदाज. खरं कारण मला, धाकट्या बहिणीला, ठाऊक होतं. प्रवेशाच्या मुलाखतीत तो विषय शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "हाच विषय का?" ताई म्हणाली, "एका माणसाला खोटं पाडायचंय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग कच्चा अभ्यास चालणार नाही," एवढंच म्हणाल्या.

तो माणूस म्हणजे आमचा सख्खा मामा. घरच्या ग्रुपवर रोज उठून जगाला शहाणं करायचा त्याने विडाच उचलला होता. आम्ही त्याला सर्वज्ञ म्हणायचो, हसायचो आणि पुढे जायचो. आई मात्र भावाचा शब्द खाली पडू द्यायची नाही. एकदा त्याने पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरचा फोटो टाकला. खाली लिहिलेलं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोडा, हा काढा घ्या. आईने आम्हाला न सांगता गोळ्या सोडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती गेली. आणि हा गृहस्थ तिच्या फोटोसमोर बसून म्हणतो, "काढा नीट उकळला नसेल."

ते वाक्य ताईच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. माझ्याही नाही. मी नुसती दात-ओठ खात बसले, तिने अभ्यास केला.

बाई शिकवायच्या, इंटरनेटवरचं पान वाचण्याआधी ते बाजूला ठेवा आणि लिहिणाऱ्याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघा. मग दावा जिथे भेटला तिथून उलटं चालत त्याच्या उगमापर्यंत जा. ताईने प्रबंधाला विषयच घेतला, कुटुंबात आरोग्याचे निरोप कसे फिरतात. एकेका नातेवाइकाला फोन लावून साखरेत घोळलेल्या आवाजात विचारायची, "तो काढ्याचा निरोप तुला कुणी पाठवला होता गं?" मामाला त्याच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राने पाठवलेला, त्याला त्याच्या व्याह्यांनी. असं मागे मागे जात ती एका काढा विकणाऱ्या दुकानाच्या पानावर पोचली. आणि तो डॉक्टर? गादीच्या जाहिरातीतला मॉडेल निघाला. तोच चेहरा, तोच कोट, शेजारी गादी. ताई इतकी हसली की मला तिची भीती वाटली.

बाईंनी बजावलं, प्रबंधात कुणाचं नाव घालायचं नाही. ताई घरी येऊन म्हणाली, "प्रबंधात नाही ना? घरात घालायला कोण अडवतंय?"

मामाच्या सत्तरीला सगळे जमले होते. केक कापून झाल्यावर ताईने फोन टीव्हीला जोडला. आधी निरोप, मग दुकान, मग गादी. आवाज जराही चढवला नाही. शेवटी म्हणाली, "मामा, काढा नीट उकळला होता. तुम्ही पाठवलेला माणूस गाद्या विकतो." जन्मभर 'अरे मामा' म्हणणारी ताई त्या दिवशी 'तुम्ही'वर आली. मामी ताटल्या गोळा करायला लागली. त्याच्या मुलाने उठून टीव्ही बंद केला आणि बापाकडे न बघता तो बाहेर निघून गेला. मामा पायांकडे बघत राहिला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

त्यानंतर मामा ग्रुपवर गप्प झाला आणि ताईला एकटीला विचारू लागला. हे खरं का? ते खरं का? ताई वाचायची, उत्तर द्यायची नाही.

मग त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर काही दिवसांनी त्याचा निरोप आला, "ब्लडप्रेशरच्या या नव्या गोळ्यांनी किडनी जाते म्हणे. डॉक्टर घे म्हणतात. मला काही कळेनासं झालंय. कालपासून बंद केल्यात. तू सांगशील ते करीन."

मी ताईला भेटायला गेले होते, आम्ही दोघी तिच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत डबा खात होतो. मी म्हणाले, "राहू दे. सर्वज्ञ आहे ना, शोधेल स्वतः."

ताईने डबा सरकवला. मामीकडून औषधांच्या चिठ्ठीचा फोटो मागवला, गोळीची माहिती काढली, हॉस्पिटलात फोन करून त्याच्या डॉक्टरशी बोलली. खिडकीवर मुलांची रांग लागली होती, तिने वळूनही पाहिलं नाही. मग मामाला फोन लावला.

"घ्या गोळी. आत्ता. मी फोनवर आहे."

पलीकडे पेला आपटल्याचा आवाज आला. मग मामाचा रडका आवाज, "अगं, तुझ्या आईला मी..."

ताईने फोन कापला.

"त्याला वाचवलंस?" माझा राग मावेना. "आईला मारलं त्याने!"

"म्हणूनच," ताई म्हणाली. "मेला की सुटला. मी सुटू देणार नाही त्याला. आईने जी सोडली ती गोळी त्याने रोज गिळायची, आणि गिळताना ती आठवायची."

आता रोज सकाळी ती त्याला फोन करते. "घेतली?" एवढंच विचारते. तो हो म्हणतो आणि ती अजून काही बोलेल म्हणून थांबून राहतो. ती फोन ठेवते.