संडासासमोरची जागा

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे ऑकलंडला आल्या, तेव्हा माझ्या मोठ्या जावेने परस्पर निकाल देऊन टाकला. "त्यांना व्हॅनमधून कुठे हिंडवताय? घरीच राहू देत." ती ऑकलंडच्याच अल्बनी भागात, आम्ही हेन्डरसनला. सगळ्यांसमोर म्हणाली, मला विचारलंही नाही. तो राग अजून गेलेला नाही. सासूबाईंना मात्र व्हॅनने भटकायला जायचंच होतं. महिन्याभरात त्या परतणार होत्या, आणि गुडघे बघता पुन्हा इतक्या लांब येणं होणार नव्हतं.

मी बाजारात भाजी विकून दुकान उभं केलेली बाई. कॅम्पग्राउंड निवडण्यात मला कोण शिकवणार? चार कुटुंबं मिळून निघालो की मोठं स्वयंपाकघर बघायचं, मुलगी लहान होती तेव्हा झोपाळे बघायचे. या वेळी घासाघीस करून झोपायची सोय, शेगडी आणि आत संडास असलेली व्हॅन भाड्याने मिळवली आणि आमच्या नेहमीच्या समुद्रकाठी गेलो. जागा स्वस्त, पाणी वीस पावलांवर. तिथले संडास टेकाडावर होते, पण व्हॅनमध्ये आहे की!

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना गरगरायला लागलं. नवरा घाबरला. "वहिनी म्हणत होती तेच खरं. परत जाऊ."

माझं डोकं तापलं. तेवढ्यात त्यांचा कालचा चहा तसाच दिसला. पाण्याची बाटलीही भरलेली.

"आई, काल पाणी का नाही प्यायलात?"

त्या म्हणाल्या, "गॅसला लागून संडास. तिथे कशी जाऊ गं? आणि टेकाड चढवत नाही. म्हटलं, प्यायलंच नाही तर प्रश्नच मिटला."

व्हॅनचा भाव पाडताना मी तो संडास दोनदा उघडून पाहिला होता. शेगडी हातभर अंतरावर आहे, हे मला दिसलंच नव्हतं.

साखर-मिठाचं पाणी पाजून त्यांना जवळच्या गावातल्या हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे जास्त सोयींच्या कॅम्पग्राउंडवर, नेलं. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने समुद्रासमोरची जागा दाखवली. मी म्हटलं, "संडासासमोरची द्या."

"ती कुणीच घेत नाही. दिवसभर दारं आपटतात."

"मग भाडं कमी करा!"

त्याने नाही म्हटलं, मी आवाज चढवला. त्याने माझ्या खांद्यावरून सासूबाईंकडे पाहिलं, आत गेला आणि एक हातांची खुर्ची घेऊन आला. "शॉवरखाली ठेवतो. त्यांना बसून आंघोळ करता येईल." मी त्याने सांगितलं तेवढं भाडं मोजलं. मी त्याचे आभार नीट मानले नाहीत, ते आज मानते.

सासूबाई व्हॅनच्या दाराशी बसायच्या. टॉवेल घेऊन येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांना "किया ओरा", म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणायचा, त्या हात जोडायच्या. "आजी, दे ऑल लव्ह यू," मुलगी म्हणाली.

"चहा टाक," त्या मला म्हणाल्या, "आणि या येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचार, इथून पुढे बघण्यासारखं काय आहे."

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "आई, घरी जायचं?"

त्यांनी माझ्याकडून फोन मागून घेतला, थोरल्या सुनेला लावला आणि म्हणाल्या, "आम्ही पुढे निघालोय. आणखी आठवडाभर माझी वाट बघू नका."