पिवळ्या छातीचा पक्षी

संग्रहालयात तिला सगळे भिंगरी म्हणत. पंचेचाळिशी उलटली तरी बाई एका जागी ठरत नसे. अशा बाईच्या नशिबी काम आलं तेही श्वास रोखून करायचं. कापूस भरून ठेवलेले जुने पक्षी खणातून काढायचे, पिसांवर प्रकाशाची बारीक नळी टेकवायची आणि परत आलेला प्रकाश स्पेक्ट्रोमीटरवर रंगवार मोजायचा; पडद्यावर त्याची रेघ उमटे. पीस न उपटता त्यातलं रंगद्रव्य कळे. दाण्याफळांतून पिसांत उतरलेल्या पिवळ्याची रेघ तिला तोंडपाठ होती: अतिनील भागात छोटा उंचवटा, निळ्यापाशी खड्डा, मग पिवळ्याकडे सरळ चढण.

त्या दिवशी पिवळ्या छातीच्या पक्ष्याची पाळी आली. तसा तो जगात एकच. विभागप्रमुख सरांच्या गुरुजींनी आणलेला, आणि त्याच्याच जोरावर त्यांनी नवी जात जाहीर केलेली. भिंगरीने नळी टेकवली. खड्डा आला, चढण आली, उंचवटा काही येईना.

तिने दिवा नीट तापू दिला. पांढऱ्या चकतीवर यंत्र पुन्हा जुळवलं. तीनदा मोजलं. शेजारच्या, त्याच वर्षीच्या पिवळ्या पक्ष्यांचे उंचवटे जागच्या जागी होते. म्हणजे हा पिवळा रंग पक्ष्याचा नव्हताच. कुणीतरी फासला होता.

सरांच्या दारापर्यंत ती दोनदा गेली आणि "पंखा चालू राहिला का बघायला आले," असं काहीबाही बोलून परतली. घरी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या पातेल्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"आई, कुणी ज्याला देव मानतो, त्याची लबाडी कळली तर सांगावी का?"

"न सांगता चैन पडेल तुला?"

"नाही."

"मग सांगून टाक बाई, पातेल्याला भोक पडायच्या आत."

सकाळी तिने कागद सरांपुढे ठेवला.

"मळ असेल. जुनं कातडं आहे," सर म्हणाले.

"सर, शेजारचेही तेवढेच जुने आहेत."

सर तडक उठले. नळी त्यांनी स्वतः धरली. ती एका जागी टेकेना, पडद्यावर रेघ नाचत होती. शेवटी भिंगरीने त्यांचं मनगट धरलं. रेघ स्थिरावली. उंचवटा नव्हता.

"पंखाखाली बघ," सर पुटपुटले.

तिने चिमट्याने पंख जरासा उचलला. आतली पिसं पांढुरकी होती. रंगाचा हात तिथवर पोचला नव्हता.

"जे दिसेल तेच लिहायचं, हे मला गुरुजींनीच शिकवलं," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "लिही. रंग कृत्रिम."

तिने लिहिलं. त्यानंतर चार दिवस सर आलेच नाहीत, आणि ते चार दिवस भिंगरीला खायला उठले. पाचव्या दिवशी ते आले ते दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण चुकलेलं.

"गुरुजींचे एकूण किती पक्षी आहेत आपल्याकडे?"

"हा सोडून एकशे बारा."

"सगळे काढ."

पहिल्याची रेघ नीट आली. दुसऱ्याचीही. संध्याकाळपर्यंत अकरा झाले, अकराही खरे. तरी निघताना सर उरलेल्या खणांकडे बघत दारात थबकले.

"उद्या जरा लवकर येशील?"