प्रॉम्प्टरचा आवाज बाहेर जातो

माझे बाबा सावली तालुक्यातल्या आमच्या गावात नाटक मंडळाचे प्रॉम्प्टर होते. धान कापून झालं की एका शेतात खड्डा खणायचा, निघालेल्या मातीचा स्टेज करायचा, लोकांनी खड्ड्यात बसायचं आणि गावच्याच माणसांनी नाटक करायचं, ही आमच्या झाडीपट्टीची जुनी रीत. नायक दिवसभर धानाचे भारे वाहणारा, त्याला पाठांतराला वेळ कुठला? म्हणून बाबा विंगेत बसून सगळं नाटक वाचायचे, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. शिक्षण सातवी, पण न अडखळता वाचणारे त्यांच्या वयाच्या माणसांत तेच एक. आवाज मात्र सपाट. रडण्याचं वाक्यही बाजारभाव सांगावा तसं वाचायचे. रडायचं काम नटाचं, असं त्यांचं म्हणणं.

लहानपणी आम्हाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं, आधी बाबांचं, मग नटाचं. मागे बसलेल्या बाया तर बाबांचं ऐकूनच पदर डोळ्याला लावायच्या. नट तोंड उघडेपर्यंत त्यांचं रडून झालेलं असे. आज मी शहरात खुर्चीवर बसून नाटक बघते आणि एकदाच ऐकलेलं वाक्य मला अर्धवट वाटतं. फार आठवण येते त्या दुहेरी आवाजाची.

नाट्यशास्त्र शिकायला नागपूरला जाणारी गावातली मी पहिलीच. रंगभूमीचा इतिहास हा विषय, पुस्तक उशीएवढं जाड. ग्रीकांनी डोंगरउतारावर पायऱ्या कोरल्या तिथून ते सुरू व्हायचं, मग रोम, संस्कृत नाटक, चीन, जपान, इंग्लंड. दर रविवारी बाबांचा फोन यायचा.

"आपली झाडी आली का पुस्तकात?"

"अजून नाई, बाबा. समोरच्या पानात असन."

"आता कुठी पोचली तू?"

"जपानात."

"मंग येईनच."

जपानातून झाडीत यायला कुठला रस्ता होता देव जाणे, पण बाबांचा भरवसा पक्का. पुस्तक संपलं, झाडी आली नाही, आणि हे त्यांना सांगायची माझी छाती होईना. मग प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं, कोणी लिहीत नाही ना, आपण लिहू. फोनवर सांगितलं, "बाबा, झाडीवर मीच लिहून राह्यली." नंतर आईने सांगितलं, बाबा दोन दिवस गावभर तेच सांगत फिरत होते.

दिवाळीच्या सुट्टीत टाइप केलेली प्रत घेऊन घरी गेले. चुका काढायला बाबांसारखा माणूस नाही, म्हणून दुपारी ओसरीवर त्यांच्याच हाती दिली. चष्मा लावून ते मोठ्याने वाचू लागले, त्याच सपाट आवाजात. शेतातला खड्डा आला तशी मान डोलावली. मग तुलनेला घेतलेलं जपान आलं. तिथे काळे कपडे घातलेली माणसं चक्क रंगमंचावर बसून अडलेल्या नटाला वाक्य पुरवतात आणि ती दिसतच नाहीत असं प्रेक्षक मानतात, केवढी ही प्रगल्भ परंपरा, असं मी लिहिलं होतं.

"हुशार लोक आहेत," बाबा म्हणाले.

शेवटचं प्रकरण उणिवांचं. आपल्या माणसांचं नुसतं कौतुक नको, असं प्रबंधाच्या सरांनी बजावलं होतं, आणि दोन बुकं शिकून मलाही शिंगं फुटली होती. बाबा वाचत होते, "प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांपर्यंत जातो व नाटकाचा भ्रम मोडतो. हा या रंगभूमीचा ठळक दोष होय."

असं काही आपण लिहिलंय हे मी विसरूनच गेले होते. बाबा थांबले नाहीत. आवाज जराही हलला नाही. पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं, असं शेवटपर्यंत वाचून त्यांनी कागद सारखे केले.

"तीन जागी टाइप चुकला आहे."

"बाबा, ते वाक्य काढून टाकते मी."

"काऊन? जातेच आवाज बाहेर. खोटं थोडी लिवलं तू."

मी पेन घेऊन तिथल्या तिथे ते खोडलं. जपान्यांना डोक्यावर घेतलं आणि घरच्या माणसाला दोष दिला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. लाज वाटली, आजही वाटते.

दोन दिवसांनी, बाजाराच्या दिवशी दुपारी, समाजमंदिरात तालीम होती. मी दारात उभी राहून बघत होते. नायक मधोमध आला, एक वाक्य बोलला आणि अडला. बाबांचे ओठ हलत होते, पण आवाज दोन हातांपलीकडे जात नव्हता. तिसऱ्यांदा अडल्यावर नायक वैतागला.

"भाऊ, गळा बसला का तुमचा?"

"पोरगी शिकून आली," बाबा शांतपणे म्हणाले. "आवाज बाहेर नाई गेला पाहिजे."

"जाऊ द्या ना बाहेर. पण आमच्या कानात त येऊ द्या."

सगळे हसले. बाबाही हसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"बाबा, माह्यं चुकलं," मी म्हटलं. "जोरानं वाचा तुम्ही."

त्यांनी मान हलवली, ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा तसंच हळू वाचू लागले. माझ्यासमोर त्यांना मोठ्याने वाचवेना. थोडा वेळ थांबून मी चपला घातल्या आणि निघाले. हातपंपापाशी पोचले असेन, तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, खणखणीत आणि सपाट, आणि पाठोपाठ नायकाचा. अख्खा अंक मी तिथेच उभी राहून ऐकला, कारण आत गेले असते तर तो आवाज पुन्हा बसला असता.