किसनभाऊंची फेरी

माझ्या हातून एक तान्हं बाळ चिरडलं जाणार होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

ज्यांनी ते होऊ दिलं नाही, ते आमचे किसनभाऊ आज सकाळी नगरच्या हॉस्पिटलमध्ये वारले. वय झालं होतं, मान्य. तरी सकाळपासून घास उतरत नाहीये, म्हणून लिहितोय.

किसनभाऊ पुणतांब्याचे. आमच्या शेतकी विद्यापीठात जीपवर ड्रायव्हर. मी त्याच जीपमधून गावोगाव फिरणारा नवा असिस्टंट.

लॉगबुकच्या पहिल्या पानावर विद्यापीठाची गाडी चालवायचे नियम चिकटवलेले होते. टाइप केलेले, खाली गोल शिक्का.

नेमलेल्या ड्रायव्हरशिवाय कुणी गाडी चालवायची नाही.
गाडी सुरू करण्याआधी चहूबाजूंनी फिरून, खाली वाकून बघायचं.
काही घडलं तर त्याच दिवशी लॉगबुकात लिहायचं.

आम्ही साहेब लोकांनी ते पान कधी वाचलं नाही. किसनभाऊंना ते तोंडपाठ होतं.

दर वेळी निघताना ते जीपभोवती एक फेरी मारायचे. चहाला पाच मिनिटं थांबलो तरी पुन्हा फेरी.

मी चिडवायचो, "किसनभाऊ, प्रदक्षिणा झाली का? नारळ फोडू?"

ते हसायचे. "फोडा की. पर बसा आदी गप."

दुष्काळाचं साल होतं, बहात्तर-त्र्याहत्तर. जामखेडकडे चाऱ्याचं बियाणं पोचवायला गेलो होतो. जीपच्या मागे ट्रेलर जोडलेला. रस्त्याच्या दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. मैल न् मैल झाड नाही.

संध्याकाळी पाचला मला मोठ्या साहेबांसमोर हजर व्हायचं होतं. प्रोबेशन संपत आलेलं. उशीर झाला तर नोकरीचं काय, हीच धास्ती.

नेमकं रेडिएटरचं पाणी आटलं. किसनभाऊंनी भरलं, पण कॅन रिकामा घेऊन ते पुढे निघायला तयार होईनात. लांब टँकर उभा होता, तिकडे ते चालत निघाले.

चावी ते कधीच गाडीत ठेवत नसत. मी म्हणालो, "राहू द्या हो, मी बसलोय की इथे."

माझ्यावर विश्वास ठेवून ते गेले.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझं डोकं तापलं. म्हटलं, गाडी घेऊन टँकरपाशीच जातो, तेवढाच वेळ वाचेल. चालवता थोडीफार येत होती. स्टिअरिंगवर बसलो, स्टार्टर मारला. तापलेलं इंजिन तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठे सुरू झालं.

किसनभाऊंनी परत येताना तो आवाज ऐकला. हातातला कॅन टाकून ते पळत आले आणि थेट बॉनेटसमोर उभे राहिले.

"बंद कर! आरं बंद कर आदी!"

एरवी मला 'साहेब, साहेब' करणारा माणूस.

मी गाडी बंद केली. चांगलाच भडकलो होतो. "काय झालं एवढं?"

"फेरी न्हाई झाली."

एवढंच बोलले आणि फिरायला लागले. ट्रेलरपाशी वाकले आणि तिथेच थांबले.

"साहेब, खाली या."

ट्रेलरच्या खाली, दोन चाकांच्या मधे, झोळी बांधली होती. जुन्या लुगड्याची. आत तीन-चार महिन्यांची पोरगी गाढ झोपलेली. झोळी जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नव्हती; गाडी हलली असती तर खडीवर चिरडली असती.



खडी फोडणारी एक बाई धावत आली. तिची पोर. गाडी उभी बघून, बैलगाडीखाली बांधतात तशी तिने मागच्या मागे झोळी बांधली होती. तेवढीच काय ती सावली.

रडत रडत म्हणाली, "गाडी निगायची म्हंजी बैल जुपत्याल, तवर काडून घीन म्हनलं लेकराला. हिला बैल नस्त्यात, ध्यानातच न्हाई आलं माज्या."

तिला कोण काय बोलणार? किसनभाऊंनी झोळी सोडली, पोरगी तिच्या कडेवर दिली. मग सीटखालचं लॉगबुक काढून माझ्यापुढे धरलं.

"ल्हिवा."

"काय लिहू?"

"जे झालं त्ये."

मी अक्षरशः हात जोडले. "किसनभाऊ, कुणाला काही झालं नाही ना? माझी नोकरी जाईल हो!"

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "पोरगी ग्येली असती, तर काय ल्हिवलं असतं तुमी?"

मी लिहिलं. परवानगी नसताना गाडी सुरू केली, खाली बघितलं नाही.

मग त्यांनी पेन घेतलं. माझ्या ओळीखाली, एकेक अक्षर जुळवत लिहिलं: 'चावी गाडीत ठेवून मी गेलो. चूक माझी आहे.'

हे लिहायची त्यांना काही गरज नव्हती. सगळं माझ्यावर ढकलता आलं असतं.

माझं प्रोबेशन सहा महिने वाढलं. त्यांना मात्र जीपवरून काढून वर्षभर गेटवर बसवलं.

आणि मी नालायक, त्यांच्यावरच रुसलो. येता-जाता गेटवर ते नमस्कार करायचे, मी मान फिरवायचो. आज लिहितानाही लाज वाटते.

पुढे मला मुलगी झाली. बायकोने पहिल्यांदा तिला झोळीत घातलं, आणि मला घरात उभं राहवेना. तसाच चप्पल अडकवून किसनभाऊंच्या क्वार्टरवर गेलो. दारातच रडलो. म्हटलं, "माफ करा मला."

"च्या घ्या आदी," म्हणाले. "नाव काय ठिवलं पोरीचं?"

त्यानंतर पन्नासएक वर्षं आमच्यात कधी अंतर पडलं नाही.

आज दुपारी हॉस्पिटलच्या आवारात शववाहिका पुणतांब्याला निघायला उभी होती. त्यांचा मुलगा पुढे बसला. ड्रायव्हरने चावी फिरवली.

मी ओरडलो, "थांब रे! बंद कर आधी!"

गुडघे साथ देत नाहीत आता. तरी गाडीला हात लावत लावत पूर्ण फेरी मारली. मागे येऊन वाकलो, खाली बघितलं.

ड्रायव्हर उतरून आला. "आजोबा, काय पडलंय का?"

"नाही बाबा. सावकाश ने त्यांना."

किसनभाऊ, आज तुमची फेरी मी मारली. खाली कुणी नव्हतं.

निघा तुम्ही.