ओढा रे भोपळ्यांनो

जवळपास कुणी शिवी घातली की बंदरावरचा माझा दोस्त मनगटाने आपलेच ओठ पुसायचा. घालणारा बाजूलाच, तोंड पुसणार हा. "तोंड एकच दिलंय देवानं," म्हणायचा, "याच तोंडानं प्रभूची भाकर घेतो मी."

आता तुम्हीच सांगा, भाट्याच्या खाडीकाठी हे कसं निभायचं? आमच्याकडे प्रेमाने हाक मारायची तरी आधी समोरच्याची आई आठवते. मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, माझीही जीभ काही धुतलेली नाही. चर्चमध्ये त्याच्या शेजारी बसायचो, एवढंच.

पावसाळ्याआधी होड्या वर ओढायच्या, तेव्हा एकाने आरोळी द्यायची आणि दोरावरच्यांनी दम लावायचा. आरोळी शिवीचीच, हा जुना रिवाज. पण खणखणीत आवाज त्याचा, म्हणून मान त्याला. तो ओरडायचा, "ओढा रे भोपळ्यांनो! हला रे सुक्या बोंबलांनो!" माणसं हसत ओढायची आणि होडी वर यायची.

एका वर्षी वारा अवेळी फिरला. होडी अर्ध्यावर असताना लाट आली, खालचा ओंडका निसटला आणि बाळूचा पाय होडीखाली गेला. बाळू म्हणजे बंदरावरचं सगळ्यात घाण तोंड; माझ्या दोस्ताला मुद्दाम शिव्या ऐकवायचा.

"ओढा रे भोपळ्यांनो!" माझा दोस्त जिवाच्या आकांताने ओरडला. दोर खांद्यावर घेतलेल्यांची पाठ होडीकडे. ते नेहमीसारखे हसले आणि हसण्यात दोर सैल पडला. होडी आणखी मागे सरली. मीही ओरडत होतो, पण वाऱ्यात माझं ऐकतो कोण. बाळू नुसता पांढरा पडला होता.

मग माझ्या दोस्ताने शिवी घातली. आईवरून, पुरी, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी. हसू जागच्या जागी थांबलं. याच्या तोंडून शिवी म्हणजे कुणाचा तरी जीव जातोय, हे सगळ्यांना एकदम कळलं. एका दमात होडी वर गेली. मी बाळूला बाहेर काढला. पाय मोडला होता, पण वाचला होता.

बंदरावर याचं कौतुकच कौतुक. हा ओठ पुसत राहिला.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर घ्यायच्या रविवारी तो पुढे गेला नाही, शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, जीव वाचवलास तू."

"त्याचं नाही रे. घालताना बरं वाटलं मला. लई दिवसांचं साठलं होतं."

पुढच्या खेपेलाही तो बसूनच राहिला. माणूस आतून वाळत चालला होता आणि मला त्याच्यासाठी भीती वाटायला लागली.

बाळूला हे मीच सांगितलं. नंतरच्या प्रभुभोजनाला तो हिंदूचा पोर चपला बाहेर काढून, काठी टेकत चर्चमध्ये शिरला आणि याच्या शेजारी बसला. पाळकांनी बोलावलं. हा हलेना.

"काका, उठा," बाळू कुजबुजला, पण ऐकलं सगळ्यांनी. "नायतर मी इथंच शिवी घालीन आणि ती तुमच्या नावावर लागंल."

बाळू घालणार, याची मला खात्री होती. पण हा उठला. पुढे जाऊन त्याने भाकर घेतली.

गेल्या थंडीत तो गेला. यंदा होडी ओढताना आरोळी कोण देणार म्हणून सगळे खोळंबले होते. बाळू लंगडत पुढे झाला. तोंड उघडलं, मिटलं, आणि मनगटाने ओठ पुसले.

"ओढा रे भोपळ्यांनो," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. आम्ही दोर खांद्यावर घेतला.