कागदाचे लाडू

माझ्या आईच्या हातांना मेथ्यांचा वास यायचा. भाजीचा नव्हे, भिजवलेल्या मेथ्यांचा, कडूसर. चाळीत कुणाचं लग्न ठरलं की जुनी वर्तमानपत्रं बादलीत भिजत पडायची. चांगली फुगून मऊ झाली की आई ती मेथ्यांबरोबर पाट्यावर वाटायची आणि त्या लगद्याचे लाडू वळायची. रुखवतासाठी. खायचे नव्हेत हो, मांडायचे.

हसाल तुम्ही. पण आम्ही डोंबिवलीला नुकते राहायला आलो होतो, चाळीतली सगळी बिऱ्हाडं कोकणातली, पगार बेताचे. स्वातंत्र्य आलं तरी साखर रेशनवरच होती, आणि विहीणबाईंना मात्र रुखवतात नारळाएवढाले लाडू बघायचे असत. मग बायकांनी मिळून एक रुखवत केलं. साऱ्या चाळीचं एकच. कागदाचे लाडू, त्यांना हळदीचं पाणी, वर डिंकानं चिकटवलेला रवा आणि एकेक खरी लवंग. शिवाय लोकरीचा पोपट, मण्यांचं तोरण. सगळं एका पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी आमच्या खाटेखाली. लग्न कुणाच्याही मुलीचं असो, फुटले लाडू सांधायचे, कमी पडले तर नवे वळायचे ते आईनं.

वडील खूष असायचे. "बघ, केवढा खर्च वाचला!"

आई म्हणायची, "हो." एवढंच. ती तेव्हा पाटा धूत असायची. मेथीचा चिकटा लवकर जात नाही. खर्च वाचतो तो कुणाच्या तरी मनगटातून वाचतो, हे आता माझी मनगटं ठणकतात तेव्हा कळतं.

आता रीत अशी की रुखवत मुलीबरोबर सासरी जातं. म्हणून आमच्या बायकांनी एक युक्ती काढली होती. खालच्या फळीवर खऱ्या चकल्या, करंज्या, गुळपापडी, ते सगळं सासरी जायचं. वरच्या फळीवरचे लाडू आणि शोभेचं सामान विहिणींची पंगत बसली की दोघीजणी गुपचूप उचलायच्या. पंगतीत उखाणे, आग्रह, रुसवे, विहिणींना मागे बघायला सवड कुठली! निघताना पेट्यांच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येत नसे.

माझं लग्न वैशाखात झालं. कोकणात जाऊन करायचं तर सगळ्यांच्या प्रवासाचा खर्च, म्हणून चाळीच्या जागेची मालकीण होती तिच्याच खळ्यावर मांडव घातला. ती इथल्या जुन्या शेतकरी घरातली, मनानं मोठी. त्यांच्यात लग्न म्हणजे घरटी तांदूळ यायचे आणि सारा गाव जेवायचा. आमची पेटी उघडलेली बघून तिनं कपाळावर हात मारला.

"अगो बाय, तुमचा लगीन निमा खरा, निमा दाखवाचा!"

"आजी, हळू बोला," आई म्हणाली.

"मी कनाला बोलू? लाडवांनाच वाचा फुटंल!"

लाडवांना नाही फुटली. माझ्या नवऱ्याच्या आत्यानं घात केला, तोही बिचारीच्या नकळत. तिची त्या दिवशी संकष्टी. चंद्र उगवेपर्यंत जेवायचं नाही, म्हणून सगळ्या विहिणी पंगतीला बसल्या आणि ही एकटीच मांडवात मोकळी राहिली. मोकळी बाई लग्नघरात स्वस्थ बसते होय? तिनं रुखवत आवरायला घेतलं. उपास असल्यानं अन्नाला हात लावायचा नाही, म्हणून परातीच्या पराती धडप्यांत बांधल्या, त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि पेटी वऱ्हाडाच्या सामानात नेऊन वर आपण बसली. मी पाटावर. समोर सगळं दिसतंय, पण नवरीनं तोंड उघडायचं नाही. आई तूप वाढत होती. तिनं मान वर केली, पेटीवर बसलेली आत्या बघितली, आणि तुपाची धार एकाच पानावर पडत राहिली.

निघताना मला जवळ घेऊन ती रडली. सगळ्यांना वाटलं मुलीसाठी. माझ्या कानात म्हणाली, "पेटीचं बघ गं. पुढच्या आठवड्यात शेजारचीचं लग्न आहे. आणि तिथं कुणाला कळलं तर..." शेजारच्या मुलीला वडील नव्हते. तिच्या रुखवतात त्या पेटीशिवाय काही नव्हतं.

माझं सासर कल्याणचं. कल्याण काही लांब नाही, मध्ये एक ठाकुर्ली स्टेशन. पण त्या दिवशी ती पेटी विलायतेला गेली असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सासरी सत्यनारायण. स्वयंपाकघरात आत्याबाई म्हणाल्या, "वहिनी, एवढे मोठे लाडू आलेत सूनबाईच्या माहेरचे, फोडून वाटूया की प्रसादाबरोबर! लोक म्हणतील, माणसं तालेवार दिसतात."

मी नारळ खोवत होते, खोवणीवर बोट कापलं.

सासूबाई कमी बोलायच्या. रात्रंदिवस राबून चेहरा ओढलेला, पदर सतत खोचलेला. त्यांनी पेटी उघडली, धडपं सोडलं आणि एक लाडू उचलला. नारळाएवढा लाडू, आणि हातात पिसासारखा आला असणार. त्यांनी तो जरासा नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. रक्ताचा थेंब खोबऱ्यात पडू नये म्हणून बोट तोंडात धरलं होतं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "सत्यनारायणाला शिराच. माहेरचे लाडू मी मागाहून गल्लीत वाटीन."

"अहो पण..."

"शिरा करपतोय, बघा जरा."

पेटी त्यांनी स्वतः माळ्यावर चढवली. मला एका शब्दानं विचारलं नाही. ते जास्त वाईट. रागावल्या असत्या तर रडून मोकळी झाले असते. दिवसभर वाटत होतं, आता बोलतील, मग बोलतील. वडिलांना बोलावून घेतील, चारचौघांत विचारतील.

मांडवपरतणीला माहेरी जायचं होतं, मांडव उतरवतात तेव्हा. त्या सकाळी सासूबाईंनी पेटी खाली काढली.

"ही घेऊन जा."

"सासूबाई, मी... आईनं..."

"पुढं कुणाचं लग्न आहे?"

"शेजारच्या मुलीचं. येत्या गुरुवारी."

"मग वेळेत पोचव. बाकी सगळे आहेत, एक मी ठेवलाय."

मला कळेना. त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. तिथं माझ्या तिन्ही नणंदा एकमेकींच्या वेण्या घालत हसत होत्या.

"नमुन्याला," त्या म्हणाल्या. "रवा कशानं चिकटवलाय? खळीनं?"

"डिंकानं."

"तरीच. माझा गळून पडायचा."

पेटी बघून आई उंबऱ्यातच बसली. लाडू मोजून बघायचंही भान नव्हतं तिला. मी सगळं सांगितलं. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "तीन मुली आहेत होय त्यांना," आणि उठून लाडवांच्या लवंगा नीट करायला लागली. शेजारचीचं लग्न पार पडलं. तिची विहीण म्हणे रुखवतावर फार खूष होती.

मी कल्याणला परतले तर मोरीत बादली भरून वर्तमानपत्रं भिजत होती. दुपारी पुरुष माणसं कामावर गेल्यावर सासूबाईंनी पाटा मांडला आणि मेथ्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. माझ्या हातांवरची लग्नाची मेंदी अजून लाल होती. आम्ही आळीपाळीनं वाटत राहिलो. वरवंटा जड होता, आमच्या घरच्यापेक्षा जड. थोड्या वेळानं मी हात झटकले.

"दमलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"दमशील," त्या म्हणाल्या, आणि बादलीतून आणखी एक ओंजळ कागद काढून त्यांनी पाट्यावर ठेवला.